पाया भरण्याआधी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. तिथं आळीपाळीनं बोललो होतो. लिहिताना कोण काय बोललं ते वेगळं ठेवलं नाही, कारण घरातही ते तसं वेगळं राहत नाही.)



आम्ही इंजिनीअर नाही. आमच्यापैकी एकानं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, दुसरीनं बँकेत हिशेब केले. सेक्रेटरींचा फोन आला, "तुमचं नवं घर छान झालंय, त्यावर अर्धा तास बोला." आम्ही म्हटलं, घरावर बोलण्यासारखं फार नाही, पण घर दिसायला लागण्याआधी जे तेवीस महिने गेले त्यांवर बोलू. ते म्हणाले, "त्यात काय बोलणार? तेव्हा तर तिथं काहीच नव्हतं."

वास्तुशांतीला पाहुण्यांनी फरशी कुठून आणली, ओट्याचा दगड कोणता, रंग कोणाकडून लावला, सगळं विचारलं. जमिनीखाली काय घातलंय हे एकानंही विचारलं नाही. तसं आम्हीही कधी कोणाच्या घरी विचारलेलं नव्हतं.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. रामबागेतला वाडा तीन भावांत वाटला गेला, आमच्या वाट्याला पैसे आले. त्यात दोघांचा पीएफ आणि थोडं बँकेचं कर्ज, एवढीच पुंजी. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघे गेलेले, वॉकरशिवाय चालणं नाही. भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर होतं, त्यामुळे आई दोन-दोन महिने खाली उतरत नसत. म्हणजे घाई होती, आणि चुकायला जागा नव्हती. दोन्ही एकदम असलं की माणूस चुकतोच. आम्हीही चुकलो.

पहिला प्लॉट आम्हाला एका दलालानं दाखवला. स्वस्त होता, समोर शेत, लांबवर डोंगराची रेघ. आम्ही जागेवरच ५१ हजारांचा टोकन देऊन आलो. रात्री पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी कागद मागितले: आधीच्या मालकांच्या रजिस्ट्र्यांची साखळी, खसरा आणि बी-१ची ताजी नक्कल, डायव्हर्शनचा कागद, नगर तथा ग्राम निवेशाकडून मंजूर झालेला कॉलनीचा नक्शा, कॉलनीची विकास परवानगी आणि कॉलनी नवी असेल तर रेराचा नोंदणी क्रमांक. दलालाकडे यातली एक खसऱ्याची झेरॉक्स होती. बाकी सगळ्याला एकच उत्तर, "सब हो जाएगा, भाईसाहब. रजिस्ट्री तो हो रही है ना?"

इथं आम्ही थोडं थांबणार आहोत, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांचा अजून असाच समज असेल. रजिस्ट्री म्हणजे व्यवहाराची नोंद. ती झाली म्हणजे त्या जागेवर घर बांधायची परवानगी मिळाली, असं होत नाही. ती जमीन कागदावर अजून शेतीच होती. मालकानं एका मोठ्या खसऱ्याचे तुकडे पाडून, मधून मुरमाचा रस्ता टाकून विकायला काढले होते. रस्ता, ड्रेनेज, बगीचा, कशाचाच मंजूर नक्शा नाही. अशा ठिकाणी महापालिका नक्शा पास करत नाही. नक्शा पास नाही म्हणून बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलात तर तुमच्यासारखाच भोळा शोधावा लागतो.

थोरले दादा म्हणाले, "तिथं चाळीस घरं उभी आहेत, त्यांना काही झालं का?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चाळीस घरं होतीच. पण आमचे सगळे पैसे एकाच ठिकाणी जाणार होते. आम्ही टोकन सोडला. दलालानं तो परत दिला नाही, आणि आमच्या हातात पावतीसुद्धा नव्हती. एकानं आयुष्यभर गणित शिकवलं आणि दुसरीनं बँकेत पावत्या फाडल्या, हे मघाशी सांगितलंच.

दुसरा प्लॉट घ्यायला मग दहा महिने लागले. या वेळी पद्धत उलटी केली. आधी कागद, मग जागा. आणि जागा पाहायला जायचं ते श्रावणात, भर पावसात. उन्हाळ्यात सगळे प्लॉट सारखेच दिसतात. पावसात कळतं की पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि रस्ता प्लॉटपेक्षा उंच आहे की खाली. एक चांगला वाटलेला प्लॉट आम्ही केवळ यामुळे सोडला, की सबंध गल्लीचं पाणी त्याच्या कोपऱ्यात जमत होतं.

शेवटी ठरला तो मंजूर कॉलनीतला ३० बाय ५० फुटांचा. सौदा करण्याआधी आजूबाजूच्या पाच घरांची बेल वाजवली. लोक हसतात, पण सांगतात. बोरिंगला पाणी किती खोल लागलं, नर्मदेची लाइन कधी येते, वीज किती जाते, हे सगळं चहासकट मिळालं. तिसऱ्या घरातल्या वहिनींनी आम्हाला आत नेऊन भिंत दाखवली. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली भेग, बोटाचं टोक जाईल एवढी. त्यांचं मागचं दार पावसाळ्यात अडायचं आणि वैशाखात सैल व्हायचं. सुतारानं तीनदा रंधा मारला होता. "लाकूड फुगतं म्हणतात," त्या म्हणाल्या. लाकूड फुगत असेलही. पण भिंतीतली भेग काही लाकडामुळे नव्हती.

आपण माळव्यात राहतो म्हणजे काळ्या मातीवर राहतो. काळा दगड झिजून झालेली ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात शेतात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सोयाबीन-गव्हाला ही माती सोनं. घराला मात्र ती पाळण्यासारखी हलवते, आणि तीसुद्धा सारखी नाही. घराच्या मधोमध, फरशीखाली, ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती दर पावसाळ्यात वर उचलते, दर उन्हाळ्यात खाली बसते. त्यामुळे भेगा कोपऱ्यांत पडतात, दारंखिडक्यांभोवती पडतात.

वहिनींच्या घरून निघालो आणि प्लॉट घ्यायचा की नाही यावर स्कूटरवरच भांडलो. पण इंदूरमध्ये काळ्या मातीपासून पळून जाणार कुठं? प्लॉट दसऱ्याला घेतला आणि नक्श्यासाठी कोणाकडे जाण्याआधी मातीची तपासणी करून घेतली. खर्च आला १८ हजार. नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. "एवढंसं घर, माती कसली तपासता?"

त्यातली एक परीक्षा इतकी सोपी आहे की ती आम्ही स्वतः प्रयोगशाळेत उभं राहून पाहिली. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची आणि दोन काचेच्या उभ्या नळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत घासलेट. घासलेटात ही माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतली मातीची उंची वाचायची. आमच्या घासलेटाच्या नळीत माती १० मिलीलिटरवर होती, पाण्याच्या नळीत १८वर. म्हणजे ८० टक्के फुगवटा. स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणाले, आकडा ५०च्या वर गेला की पायाचा वेगळा विचार करावाच लागतो. शिवाय खणून पाहिलं तेव्हा काळी माती साडेसात फुटांपर्यंत होती, तिच्याखाली घट्ट पिवळा मुरूम.

उपाय त्यांनी दोन सांगितले. काळी माती फार खोल असेल तर टोकाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खुंट्या जमिनीत उतरवतात. त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात, आणि रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्या देशातल्या अशा मातीसाठी त्यांवर पुष्कळ काम केलेलं आहे. पण आमच्याकडे मुरूम साडेसात फुटांवर लागत होता, म्हणून त्यांनी सरळ मार्ग सुचवला: काळी माती ओलांडून नऊ फुटांपर्यंत जा, मुरमात बूड टेकवा, वर सगळे कॉलम प्लिंथ बीमनं बांधून घ्या. प्लिंथच्या पोटात खणलेली काळी माती परत भरायची नाही. मुरूम आणून थराथरानं, पाणी मारून, धुमसून भरायचा.

ठेकेदार हसला. "साहब, पूरा इंदौर चार-पाच फुट पे खड़ा है." त्याच्या दरात पाया पाच फुटांपर्यंतच धरलेला होता. नऊ फुटांचा हिशेब केला तेव्हा दोन लाख चाळीस हजार रुपये जास्त आले.

आता खरी गोष्ट. हे दोन लाख चाळीस हजार कुठून तरी काढायचे होते आणि यादीत एकच जागा होती, वरची खोली. मुलगा पुण्याला शिकतो. सुट्टीत येईल, पुढे सून येईल, म्हणून गच्चीवर एक खोली काढलेली होती. तो फोनवर म्हणाला, "म्हणजे माझी खोली जमिनीत पुरणार?" चेष्टेत म्हणाला, पण आम्हाला लागलं. दादा म्हणाले, "चार लोकांनी सांगितलं म्हणून इतके पैसे मातीत घालायचे?" आम्ही तीन आठवडे काहीच ठरवलं नाही. रोज रात्री त्याच कागदावर बेरीज. शेवटी ठरवणारी गोष्ट एकच होती. खोली पाच वर्षांनी वर चढवता येते, पाया मात्र पाच वर्षांनी खाली उतरवता येत नाही. कॉलम एका मजल्याच्या हिशेबानं घेतले आणि खोली वगळली. ती अजून झालेली नाही. मुलगा आला की हॉलमध्ये झोपतो.

आपल्या शहराबद्दल एक आठवण इथं सांगाविशी वाटते. १९१८ साली होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश विद्वानांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. ते आधी गल्लीबोळ पायी फिरले, विहिरी पाहिल्या, वस्त्या पाहिल्या. आधी निदान, मग औषध, असा त्यांचा आग्रह होता. आम्हाला तो अहवाल आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांमुळे माहीत होता. ३० बाय ५० च्या प्लॉटला गेडिस कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आर्किटेक्टकडे गेलो तेव्हा आम्ही त्यांच्यासारखंच केलं. खोल्यांची यादी दिली नाही, घरातला दिवस लिहून दिला. आई पाचला उठतात, पहिल्यांदा बाथरूमला जातात, मग देवाकडे. दूधवाला साडेसहाला. दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून नको. गणपती दहा दिवस कुठं बसतात, महालक्ष्म्या कुठं उभ्या राहतात. महालक्ष्म्यांना सहा-सात फुटांची मोकळी भिंत लागते, समोर पंधरा सवाष्णी बसायला जागा लागते, आणि बाथरूमचा रस्ता त्यांच्यासमोरून नको. आर्किटेक्ट तरुण होता, हिंदीभाषक. त्यानं हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "महालक्ष्मीजी हर साल आती हैं?" दर वर्षी येतात, आम्ही म्हटलं, आणि तीन दिवस राहतात.

पहिला नक्शा आला तो कागदावर सुरेख होता. आम्ही तो घेऊन प्लॉटवर गेलो आणि फक्कीनं तळमजला खऱ्या मापात आखला. भिंती, दारं, पलंग, ओटा, सगळं. आईंना रिक्षानं घेऊन गेलो. त्या वॉकर घेऊन त्या पांढऱ्या रेघांमधून चालल्या. खोलीतून निघाल्या, बाथरूमच्या दाराशी आल्या आणि अडल्या. अडीच फुटांचं दार, त्यातून चौकट आणि दाराची जाडी वजा केली की सव्वादोन फूटही उरत नाही. वॉकर कसाबसा जाईल, पण धरणाऱ्याची कोपरं अडतात. आणि आत गेल्यावर वळायला जागाच नव्हती. आई म्हणाल्या, "मी आत गेले की उलटी बाहेर येऊ का?" त्या दिवशी दार तीन फुटांचं झालं, बाथरूम फूटभर लांब झालं, उंबरा गेला, स्वयंपाकघर तेवढं आखूड झालं. बदलाचा खर्च शून्य. हेच भिंत उठल्यावर कळलं असतं तर?

नक्शा पास होण्याबद्दल फार सांगत नाही. सगळं ऑनलाइन आहे, तरी फेऱ्या होतातच. एवढंच, की चारही बाजूंनी सोडायची जागा, ज्याला इथं एमओएस म्हणतात, ती आर्किटेक्टच्या भरवशावर न सोडता स्वतः टेपनं मोजा. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची अटही आमच्या परवानगीत होती. काळ्या मातीत हे नीट समजून करावं लागतं. मुरवण्याचा खड्डा पायाला चिकटून घेतला तर आपणच मातीला पाणी पाजतो. आम्ही तो पुढच्या फाटकाजवळ, पायापासून लांब घेतला.

ठेकेदाराचा करार हा मात्र मोठा विषय आहे. आम्ही तिघांकडून दर मागवले. तिघांनी चौरस फुटाचा दर दिला आणि सगळ्यांत स्वस्त कोण ते लगेच दिसलं. मग बँकेतल्या बाईंनी चष्मा लावला. एकानं पायरी, टाकी, कंपाउंडची भिंत धरलीच नव्हती. दुसऱ्यानं छज्जाचं क्षेत्रफळही पूर्ण मोजलं होतं. तिसऱ्यानं सरियाची कंपनी लिहिली नव्हती. (आमचे पुण्याचे मेव्हणे सळई म्हणतात. इथं दुकानात सळई मागितली तर मिळणार नाही.) म्हणजे तिघं तीन वेगळ्या घरांचे दर देत होते. आम्ही स्वतःच एक तक्ता केला: पाया नऊ फूट, मुरमाची भराई, सिमेंट, सरिया, वाळवीचं औषध, पाण्याची टाकी, काय आत आणि काय बाहेर. तोच तक्ता तिघांना भरायला दिला. सगळ्यांत स्वस्त होता तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. एकानं तक्ता भरायलाच नकार दिला. त्याचे आम्ही आजही आभारी आहोत.

आणखी एक. बँक टप्प्याटप्प्यानं पैसे देते, काम झाल्यावर. ठेकेदाराला पैसे लागतात कामाआधी. आमच्या बँकेनं पहिला हप्ता प्लिंथ झाल्यावर दिला, म्हणजे सगळा पाया, तो नऊ फुटांचा, आमच्या खिशातून. स्वतः बँकेत नोकरी करूनसुद्धा हे आम्ही हिशेबात उशिरा धरलं. नाहीतर काम खड्ड्यातच थांबलं असतं.

राहिला मुहूर्त. गुरुजींनी अक्षय्य तृतीया दिली. परवानगी तोवर आली नव्हती. ती आली जूनमध्ये. दादा आणि ठेकेदार, दोघंही म्हणाले, आता सुरू करू. इंजिनीअर नको म्हणाले. नऊ फुटांचे खड्डे काळ्या मातीत, वरून पाऊस. कडा ढासळणार, तळाचा मुरूम चिखल होणार आणि खाली माणसं काम करत असणार. आम्ही मधला मार्ग काढला. भूमिपूजन अक्षय्य तृतीयेलाच केलं, एक टिकाव मारला, नारळ फोडला. खोदकाम मात्र दिवाळीनंतर. ते सहा महिने सगळ्यांत कठीण गेले. ओळखीचे लोक विचारायचे, "भूमिपूजन झालं ना? मग घर कुठंय?" आई काही म्हणत नसत. एकदाच, पोळ्याच्या दिवशी, खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "मी पाहीन ना रे ते?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री दोघांनाही वाटलं, ठेकेदाराला फोन करून उद्यापासून सुरू कर म्हणावं. फोन केला नाही. बरोबर केलं की नाही हे तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर बाराही खड्डे एका आठवड्यात कोरडे खोदून झाले. प्रत्येक खड्ड्यात उतरून, टेप लावून, खोली दिसेल असा फोटो घेतला. चार क्रमांकाच्या खड्ड्यात मुरूम लागला नाही, नऊ फुटांवरही काळीच माती. जुनी विहीर किंवा नाल्याची भर असावी. तिथं साडेदहा फूट गेलो. हे पावसात कोणी पाहिलं असतं, शंका आहे.

आई आता तळमजल्यावर राहतात. सकाळी वॉकर घेऊन स्वतः फाटकापर्यंत जातात आणि भाजीवाल्याशी भांडतात. स्वयंपाकघर आखूड झालं, ही त्यांचीच तक्रार आहे.

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे की आमचं घर जुनं आहे, भेगा आहेत, आता काय? आम्ही डॉक्टर नाही, पण आम्हाला सांगितलं गेलं ते सांगतो. आधी पाण्याची गळती शोधा, ड्रेनेजची फुटकी लाइन, टाकीचा ओव्हरफ्लो. घराभोवती तीन-चार फूट पक्की उतरती फरशी करा, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीच्या मुळाशी बसणार नाही. भिंतीला लागून मोठी झाडं किंवा रोज पाणी लागणारा बगीचा नको. भेगेवर पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, वैशाखात आणि भाद्रपदात मोजा. भेग वाढत असेल तर लांबी भरून रंग मारू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

आमची फाइल, त्यात तो ठेकेदाराचा कोरा तक्ताही आहे, मंडळाच्या वाचनालयात ठेवली आहे. झेरॉक्स काढा, पण मूळ परत ठेवा. आणि आता थांबतो, मागे आरतीची ताटं आलेली दिसतात.